बोअझसाठी घेतलेल्या सह्या

दोनशे बारा सह्या होत्या, आणि त्या ज्या पत्राखाली होत्या ते पत्र मी टाईप केलं होतं. म्हणून बोअझ किहीमकरची गोष्ट सांगताना मला बाजूला उभं राहता येणार नाही.

किहीमकरांचं दार आमच्या दारासमोर. ओंटारियोत, स्कारबरोला मार्खम रोडवरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौऱ्याण्णव साली राहायला आलो. पहिल्याच दिवशी ग्रेसमावशी नारळाच्या रसातलं माशांचं कालवण डब्यात घालून आल्या. "तुम्ही पुण्याचे ना? मासे खाता का?" असं त्यांनी दारातच विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या नवऱ्यानं, शशिकांतनं, डबा हातात घेतलासुद्धा. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. जोशुआकाका सत्तरच्या दशकात मुंबईहून इथं आले आणि बसच्या डेपोत मेकॅनिक झाले. धाकटी लियात शाळेत होती. मोठा बोअझ तेव्हा सोळा वर्षांचा, लिफ्टमध्ये शिरताना उगाच वाकणारा इतका उंच, आणि डावखुरा.

बेसबॉल त्याला शाळेनं शिकवला, पण सराव काकांनी करून घेतला. काकांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. ते डेपोतून येत, चहा घेत आणि पार्किंगच्या मागच्या भिंतीपाशी जाड ग्लव्ह घालून उकिडवे बसत. बोअझ वीस पावलांवरून बॉल टाकी. एकदा काकांचं बोट मोडलं. पट्टी बांधून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

शहाण्णव साली एका अमेरिकन क्लबनं त्याला निवडलं. निवड अगदी शेवटच्या फेऱ्यांतली, पण व्यावसायिक खेळाडू म्हणून करार झाला. बोअझ पिचर होता, आपल्या भाषेत बोलर. मोठ्या संघाच्या खाली छोट्या गावांतल्या संघांच्या पायऱ्या असतात आणि पोरं त्या एकेक करत चढतात. बोअझ आठ वर्षं चढत राहिला. सर्वांत वरच्या पायरीवर तो अकरा सामने खेळला. त्यापुढचं दार उघडलं नाही. काका लियातच्या कॉम्प्युटरवर त्या छोट्या गावांची रेडिओ कॉमेंट्री लावून बसायचे. अर्धं समजायचं नाही, पण 'किहीमकर' हा शब्द तो निवेदक कसा मोडून म्हणतो हे ऐकून खूश व्हायचे.

मग खांद्याचं ऑपरेशन झालं, बॉलचा वेग गेला, आणि दोन हजार चारमध्ये क्लबनं त्याला सोडलं. पुढच्या वर्षी तो ओंटारियोतल्याच पोर्ट हॅरो या तळ्याकाठच्या गावच्या 'हेरन्स' नावाच्या संघात गेला. छोटी स्वतंत्र लीग, पण पगारी खेळ. तिथला मॅनेजर रॉस थिबोडो, मूळचा देशाच्या पूर्व टोकाकडच्या मंक्टनचा, साठीला आलेला माणूस. पहिल्या वर्षी बोअझला न्यूमोनिया झाला तेव्हा ह्या रॉसनं त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. हे ग्रेसमावशींनीच मला तेव्हा सांगितलं होतं. नंतर आम्ही सगळेच ते विसरलो.

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये, सीझन संपायला तीन आठवडे असताना, बोअझ दोन मोठ्या बॅगा घेऊन घरी आला. लिफ्टमध्ये मी त्याच्याबरोबर होते.

"सुट्टी?" मी विचारलं.

"नाही आंटी. रिलीज केलं," तो म्हणाला आणि मजल्यांचे आकडे बघत राहिला.

काका तोवर निवृत्त झाले होते, दिवसभर घरात. त्यांनी क्लबनं दिलेला रिलीजचा कागद दहादा वाचला. कागदावर कारणच नव्हतं. "गेल्या महिन्याभरात तू चार सामने जिंकून दिलेस आणि कारणाशिवाय काढतात?" दोन दिवस त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या दिवशी जेवताना बोअझ म्हणाला, "रॉसला माझ्यासारखे लोक चालत नाहीत, पप्पा."

हे वाक्य तो एकदाच बोलला. पुन्हा कधीच नाही. पण एकदा पुरलं.

ते का पुरलं हे बोअझला माहीत नव्हतं, मलाही नंतर कळलं. काकांनी डेपोत तीन गोऱ्या पोरांना काम शिकवलं होतं आणि तिघेही त्यांच्यावर फोरमन म्हणून आले. शहात्तर साली सबवेच्या प्लॅटफॉर्मवर दोघांनी त्यांना धक्का मारून शिवी दिली होती, आणि त्या दिवशी ते घरी न येता सरळ कामावर गेले होते. हे त्यांनी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःसाठी कधी तक्रार न केलेला माणूस मुलासाठी उठला.

"मृणालिनी, बाय माझे, तुझं इंग्लिश चांगलं," म्हणत ते माझ्याकडे आले. मी डाउनटाउनला ऑफिसात पत्रंच लिहायचे. क्लबच्या मालकांना आणि तिथल्या स्थानिक पेपरला उद्देशून मी एक पानी पत्र केलं. त्यात एक वाक्य माझ्या पदरचं होतं: 'श्री. थिबोडो यांनी या खेळाडूला त्याच्या वर्णामुळे संघात कधीही आपलं मानलं नाही.' हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्राला वजन यावं म्हणून मी ते घातलं, आणि लिहून झाल्यावर मला ते फार आवडलं.

मी प्रिंट काढून बोअझला वाचायला दिली. "सगळं बरोबर आहे ना रे?"

त्यानं सावकाश वाचलं. मग पेन मागितलं. हेरन्ससाठी खेळलेले सामने मी सत्तेचाळीस लिहिले होते, त्याचे त्यानं एकोणपन्नास केले आणि कागद मला परत दिला.

सह्या गोळा करायला काका स्वतः हिंडले. सिनेगॉगमधली माणसं, मराठी मंडळातली, आमच्या बिल्डिंगमधली तमिळ कुटुंबं, कोपऱ्यावरचा गुजराती ग्रोसरीवाला. कुणी नाही म्हटलं नाही. प्रत्येकाकडे आपला एखादा अनुभव होता आणि तो सांगत सांगतच माणसं सही करत होती.

सप्टेंबरात योम किप्पूर आला. बेने इस्राएलांतली जुनी माणसं अजून त्याला दरफाळणीचा, म्हणजे दारं लावून घ्यायचा, सण म्हणतात. दिवसभर उपास आणि देवाकडे क्षमा मागायची. त्या दिवशी सिनेगॉगात दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन बोअझच्या पाठीवर हात ठेवत होतं. लियात नंतर मला म्हणाली, "आंटी, ही वॉज शेकिंग. मला वाटलं, उपासानं."

पत्र छापून आलं. एक वार्ताहर येऊन बापलेकांचा फोटो काढून गेला. रॉसनं पेपरला सांगितलं ते एवढंच: "मला काही बोलायचं नाही. बोअझ चांगला मुलगा आहे." हे वाचून काका म्हणाले, "बघ, उत्तर नाही त्याच्याकडे." मलाही तसंच वाटलं. डिसेंबरात क्लबनं, संघाच्या हिताचा विचार करून, रॉसला काढून टाकलं.

काकांनी मलिदा करायचा ठरवला. नवस फेडताना किंवा काही चांगलं घडलं की ही मंडळी एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, वेलची, वर फळं आणि खजूर. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या घरात तीसेक माणसं जमली. दारात बुटांचा आणि ओल्या जाकिटांचा ढीग. प्रार्थना झाली, एलियाहूचं गाणं झालं. काका उभे राहून म्हणाले, "माझ्या पोराला न्याय मिळाला. तुम्हां सगळ्यांमुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोअझ खिडकीपाशी बसला होता. त्याच्या पुढ्यात बशी आली तेव्हा त्यानं ती घेतली नाही. उठून वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी स्वयंपाकघरात बशा धूत होते. काका एक बशी घेऊन तिथं आले, त्याच्यासाठी बाजूला ठेवलेली. पाठोपाठ बोअझ आला. तोंड धुतलेलं, शर्टाची कॉलर भिजलेली.

"पप्पा, मला ते घेता येणार नाही."

"का? पोट बिघडलं?"

"रॉसनं मला काढलं कारण मी चीटिंग करत होतो."

काकांना तो काय म्हणतोय ते कळलंच नाही. तेव्हा त्यानं इंग्रजी-मराठी मिसळून, अडखळत, सगळं सांगितलं. खांदा गेल्यापासून त्याच्या बॉलमध्ये काही उरलं नव्हतं. जुलैमध्ये त्यानं नखाएवढा पॉलिश पेपरचा तुकडा ग्लव्हच्या आत चिकटवला. बॉल टाकण्याआधी एक बाजू त्यावर घासायची. क्रिकेटमध्ये बॉल कुरतडतात तसंच. खडबडीत झालेला बॉल शेवटच्या क्षणी वळतो आणि बॅट्समन फसतो. चार सामने त्यानं तसे जिंकले. ऑगस्टमध्ये एकदा रॉसनं बाकावरचा त्याचा ग्लव्ह सहज उचलला आणि आत बोट घातलं.

काकांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? त्यांनी विचारलं, "कुणी पाहिलं?"

"रॉसनं. फक्त रॉसनं."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"त्यानं मला वर्ड दिला होता, पप्पा. म्हणाला, कागदावर कारण लिहीत नाही, पुढं कुठं कोचिंगचं काम तरी मिळेल तुला. त्यानं हात पुढं केला. आय शुक हिज हँड." एवढं बोलून बोअझनं स्वतःचा उजवा हात पोटाशी धरला, भाजल्यासारखा.

माझ्या हातात साबणाची बशी होती. माझ्या डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं, 'आपलं मानलं नाही'. मी नळ बंद करायचंही विसरले.

काका बाहेर गेले, पातेलं घेतलं आणि सगळ्यांना मलिद्याचं दुसरं वाढप केलं. हसून, आग्रह करून. सगळी माणसं जाईपर्यंत ते हसत होते. मग जाकिटांच्या जागी जो ओला गालिचा उरला होता तिथंच खाली बसले.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काकांनी आमची बेल वाजवली.

"सह्यांची यादी आहे ना तुझ्याकडे? दे."

"काय करणार काका?"

"ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना सांगायला नको?"

त्या हिवाळ्यात स्कारबरोला इतका बर्फ पडला की शोव्हल करून माणसं कंटाळली होती. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी म्हटलं, गाडी मी चालवते. खरं म्हणजे घरी बसून राहणं मला जमलं नसतं. बोअझ मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसायचा. काकांनी नियम घालून दिला: "बेल मी वाजवीन. बोलायचं तू. आपल्या माणसांशी मराठीत."

"पप्पा, माझं मराठी..."

"जेवढं येतं तेवढ्यात."

त्याला जेवढं येत होतं ते असं: "मी खोटं बोललो. रॉसनं वाईट काही केलं नाही. मी बॉल घासत होतो. तुमची सही मी फसवून घेतली. सॉरी." एकोणतीस वर्षांचा सहा फुटी माणूस दाराच्या पायपुसण्यावर उभा राहून हे म्हणायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. काका त्याच्या शेजारी, टोपी हातात घेऊन. त्यांचे कान लाल व्हायचे नाहीत, पण प्रत्येक दारानंतर ते थोडे अधिक वाकलेले दिसायचे.

बरीच माणसं अवघडून "जाऊ द्या हो" म्हणाली. कुणी चहाला आत बोलावलं. काका गेले नाहीत. जयंतीबाई, आमच्या मंडळातल्या सर्वांत जुन्या सभासद, त्या म्हणाल्या, "अहो, कशाला सांगत फिरता? कुणाला कळलं होतं?" काका म्हणाले, "मला कळलंय ना, जयंतीबाई."

सर्वांत वाईट होतं ते हेमचंद्रचं दार. हेमचंद्र नागपूरचा, मंडळाचा सेक्रेटरी, बँकेत नोकरीला. त्यानं यादीत स्वतः चाळीस सह्या मिळवून दिल्या होत्या. बोअझचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग तो माझ्याकडे वळून बोलला, त्या दोघांकडे नाही.

"माझी स्वतःची कंप्लेंट आहे ऑफिसात. दोनदा डावललंय मला, आणि ते खरं आहे. पुढच्या महिन्यात हिअरिंग आहे. आता हे पेपरात येणार, आणि समोर बसलेला माणूस मनात म्हणणार, ह्या लोकांचं असंच असतं." त्यानं दाराची मूठ धरली. "तुम्ही विचारायला हवं होतं, मॅडम. पत्र लिहायच्या आधी."

त्यानं दार हळूच लावलं. कॉरिडॉरमध्ये काकांनी चष्मा काढला आणि मफलरनं पुसत राहिले, काच कोरडी झाल्यावरही. बोअझ म्हणाला, "पप्पा, आज बस्स." काका म्हणाले, "अजून सहा आहेत या बिल्डिंगमध्ये."

तीन रविवार गेले. दोनशे बारांपैकी दीडशेच्या वर माणसं भेटली. बाकीची घर बदलून गेली होती, किंवा दारामागे असून त्यांनी दार उघडलं नाही.

पोर्ट हॅरोला आम्ही एप्रिलमध्ये गेलो. रॉस आपल्या मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये काम करत होता. विंटर टायर काढायचे दिवस, बाहेर गाड्यांची रांग. निळ्या डांगरीतला तो बुटका, रुंद माणूस आम्हाला बघून उठला आणि फडक्याला हात पुसत आला.

"तू येशील असं वाटत होतं," तो बोअझला म्हणाला. "वडिलांना घेऊन येशील असं वाटलं नव्हतं."

बोअझनं इंग्रजीत सगळं म्हटलं. मराठीतलं अडखळणं निदान लपायला जागा देत होतं. इंग्रजीत ते उघडंच पडलं.

रॉस म्हणाला, "'ठीक आहे' असं म्हणू का मी? ठीक नाही. माझ्या नातीला शाळेत पोरांनी विचारलं, तुझा आजोबा ब्राऊन लोकांचा द्वेष करतो का. ती मला येऊन विचारते." मग त्यानं टायरच्या ढिगावर टेकत श्वास सोडला. "आणि मी काही संत नाही. ग्लव्ह मी ऑगस्टमध्ये तपासला, पण बॉल जुलैतच ओळखला होता. आपण जिंकत होतो, म्हणून दोन आठवडे दुसरीकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर तेही बाहेर आलं असतं. तेव्हा फक्त तुझ्यासाठी गप्प बसलो असं समजू नकोस."

काका पुढं झाले. त्यांचं इंग्रजी एरवी चांगलं होतं, पण त्या वेळी त्यांना तीनच शब्द सुचले. "सॉरी, सर. सॉरी."

"माझ्या मुलानं असं सांगितलं असतं तर मीही ते खरंच मानलं असतं," रॉस म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "आणि ह्या बाई?"

"शेजारीण," काका म्हणाले. "गाडी त्यांची."

मी सांगायला हवं होतं. पत्र मी लिहिलं, ते वाक्य माझं, हे माझ्या जिभेवर होतं. मी ओळख करून दिल्यावर हसतात तशी हसले. तो मानेनं 'हॅलो' म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. दुसऱ्या वर्षी मी त्याला एक पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि मी त्याची फारशी वाटही पाहिली नाही, कारण उत्तरात काय असेल याची मला भीती होती.

बोअझनं त्याच पेपरला स्वतःचं निवेदन पाठवलं. पहिलं पत्र पान तीनवर फोटोसकट आलं होतं. हे आतल्या पानावर सहा ओळींत आलं. लीगनं ते चार सामने रेकॉर्डमधून काढले आणि त्याच्यावर कायमची बंदी घातली. रॉसला परत बोलावलं नाही. त्याच्या जागी नवा माणूस आला होता. संघातल्या एका जुन्या सोबत्यानं फोन करून बोअझला शिव्या घातल्या. त्यानं त्या पूर्ण ऐकून घेतल्या. हेमचंद्रच्या हिअरिंगचं काय झालं ते मला माहीत नाही. त्यानं मंडळात येणं सोडलं.

पुढं काकांच्या डेपोत बस धुण्याचं काम निघालं. बोअझनं अप्लाय केलं. दोन वर्षांनी तो मेकॅनिकचं काम शिकायला लागला. कुणी विचारलं की, "तू बेसबॉल खेळायचास ना?" तर तो सगळंच सांगायचा, चीटिंगसकट, अगदी ग्रोसरीच्या रांगेतसुद्धा. समोरचा माणूस बिचारा टोमॅटो चाचपायला लागायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, एवढं सगळं सांगायची काय गरज?"

"आंटी, मागच्या वेळी मी थोडंच सांगितलं होतं," तो म्हणाला.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात लियातचं लग्न झालं. नवऱ्या मुलाचे एक काका इस्राएलहून, लोदहून आले होते, अस्सल कोकणी ढंगाचं मराठी बोलणारे. जेवणं उरकली होती, हॉल रिकामा करायचा होता. बोअझ खुर्च्या एकावर एक रचत होता. ते पाहुणे जोशुआकाकांना म्हणाले, "तुझा हा पोरगा मोठा बेसबॉल खेळाडू ना रे? आम्ही तिकडं ऐकलं होतं."

मी जवळच होते. काकांनी खाली फरशीकडे पाहिलं. त्या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

"खेळायचा," ते म्हणाले. "लबाडी केली म्हणून काढला. मी त्याच्यासाठी भलतंच बोललो लोकांना. आता बसच्या डेपोत आहे. काम चांगलं करतो."

पाहुण्यांनी बिर्याणीची तारीफ केली. बोअझनं सगळं ऐकलं होतं. सहा खुर्च्या छातीशी धरून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग त्या भिंतीशी ठेवून उरलेल्या आणायला गेला.